पुसू नकोस, निजव

बुवांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की हातातल्या बांगड्या रुतल्या. माझं बोट एंटरच्या बटणावर होतं, दाबायचंच काय ते राहिलं होतं.

"काय झालं बुवा? बरोबर तर आहे!"

त्यांनी मान जोरजोरात हलवली. तोंडातून हूं की चूं नाही. डाव्या हाताने माझं मनगट तसंच धरून ठेवलं, उजव्या हाताने गळ्यातली पाटी मांडीवर ओढली आणि खडूने लिहिलं : 'पुसू नकोस. निजव.'

दूध संघाच्या मुख्य कचेरीतली ती सर्व्हर रूम. तिथे कुणी डोकावलं असतं तर त्याला हसूच आलं असतं. साठीला टेकलेला, कपाळावर बुक्का लावलेला गृहस्थ शाळेतल्या पोरासारखी सुतळीने बांधलेली पाटी गळ्यात घालून बसला होता, आणि शेजारी मी. मला मात्र त्या पाटीकडे बघवत नसे. अनंतबुवा निमकरांच्या गळ्यात झेंडूचा हार बघायची सवय माझ्या डोळ्यांना.

दिवसा ते आमच्या संघाच्या नेटवर्कचे प्रमुख. गावोगावच्या चिलिंग सेंटरची मुख्य कचेरीशी जी जोडणी होती, ती सगळी त्यांच्या हातची. संध्याकाळी मात्र धोतर नेसून, उपरणं कमरेला बांधून कीर्तनाला उभे राहिले की ते साहेबही नव्हते आणि निमकरही नव्हते. मी त्यांना पेटीची साथ करायचे. शबरीचं आख्यान लावावं तर त्यांनीच. बोरं चाखून ठेवणाऱ्या त्या म्हातारीचे कापरे हात त्यांच्या आवाजात दिसायचे. गावात राममंदिरात चैत्राचा उत्सव, आणि नवमीचं कीर्तन त्यांच्या वडिलांपासून निमकरांच्या घराकडे. दिवाळीत त्यांच्या घशात गाठी निघाल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि बजावलं, संक्रांत उलटेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल. म्हणून ही पाटी.

"निजव म्हणजे काय करू?" मी विचारलं.

गोष्ट अशी होती. रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि खोदणारे रोज कुठे ना कुठे आमची केबल तोडत होते. केबल तुटली की आमच्या राउटरने सगळ्या सेंटरच्या राउटरना कळवायचं, 'ही वाट बंद झाली.' जोडली की पुन्हा कळवायचं, 'झाली सुरू.' राउटर आपापसांत अशा वाटा सांगतात ती त्यांची ठरलेली रीत असते, प्रोटोकॉल म्हणतात तिला. एरवी ही रीत सोन्यासारखी. पण दिवसभर बंद-सुरू, बंद-सुरू चाललं की सगळी यंत्रं निरोप देण्याघेण्यातच थकतात आणि तिकडे सेंटरवर दूध घेऊन आलेली माणसं कॅन खाली ठेवून संगणकाच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून केबल नीट होईपर्यंत सेंटरना मनोऱ्यावरच्या रेडिओची एकच कायमची वाट हाताने लिहून द्यायची आणि मुख्य राउटरवरची ती रीत थांबवायची, असं ठरलं. वाटा आम्ही लिहून दिल्या होत्या. मी शेवटचा हुकूम लिहीत होते, रीतच काढून टाकण्याचा.

बुवांनी ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि भराभर लिहू लागले. त्यांचं अक्षर घाईतही वळणदार. 'तू लिहिलंस त्याने सगळं जाईल. कुठलं सेंटर कुणाशी जोडलं, कुणाला कुठला पासवर्ड, सगळं. पंधरा वर्षांचं.'

पाटी भरली. पुसली.

'त्या रीतीच्या आत जा. आत जाऊन शटडाउन म्हण. झोपेल. जाईल काही नाही.'

मी तसं केलं. राउटरने एक ओळ लिहून आपण थांबल्याचं कळवलं. बुवांनी बोटाने खूण केली, आता आतली मांडणी वाचून बघ. बघितली. सगळं जिथल्या तिथे होतं, अक्षर न् अक्षर. फक्त वर 'शटडाउन' हा एक शब्द वाढला होता.

"म्हणजे हा तुमच्यासारखा झाला!" मी हसत म्हणाले. "मौनात. सगळं पाठ, पण तोंड बंद."

बुवांच्या मिशा हलल्या. हसायचीही त्यांना मनाई होती, म्हणून खांदे तेवढे गदगदले. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, 'याला बायको नाही. त्याचं मौन सोपं.'

तेवढ्यात पडद्यावर ओळी येऊ लागल्या. वाघोलीच्या सेंटरचा राउटर : शेजारी मेला. मग सोनगाव : शेजारी मेला. एकामागून एक सगळी सेंटरं तेच कळवू लागली.

"अहो, हे काय? मेला काय म्हणतायत? हा तर झोपलाय!"

बुवांनी शांतपणे लिहिलं, 'ठीक आहे. हे राउटर एकमेकांना सतत हॅलो म्हणत असतात. काही वेळ हॅलो आला नाही की पलीकडचा समजतो, गेला. आणि त्याचं नाव काढून टाकतो.' पाटी पुसून पुढे, 'आपलं सगळं आपल्यापाशी राहतं. त्यांच्यापाशी आपण राहत नाही.'

खडू ठेवून ते काही वेळ त्या वाक्याकडे बघत राहिले. मग फडक्याने पुसलं.

*

रस्त्याचं काम संपलं ते माघात. नवी केबल पडली, दोन दिवस तपासली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सर्व्हर रूममध्ये वाट बघत होते, कारण बुवा सकाळच्या गाडीने मिरजेला गेले होते, डॉक्टरांना दाखवायला. त्यांच्याशिवाय ती रीत उठवायची नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

दार उघडलं. गळ्यात पाटी नव्हती.

"काय पोरी," ते म्हणाले, "जेवलीस का?"

इतक्या दिवसांनी तो आवाज. मी खाली वाकून पायांना हात लावला तर म्हणाले, "अगं अगं, हे मशीनचं घर आहे, देवाचं नाही. ऊठ."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, निमकर, तुमच्यासारखा शहाणा रोगी बघितला नाही. बायको म्हणाली, डॉक्टर, अजून थोडं वाढवता येईल का?" आणि या वेळी ते मोकळेपणाने हसले.

आम्ही राउटरसमोर बसलो. मी रीतीच्या आत शिरले, तो एक शब्द काढून घेतला. क्षणभर काही नाही. मग वाघोली बोलला. सोनगाव बोलला. सगळी सेंटरं धडाधड ओळखी सांगत आली आणि ज्याने त्याने पूर्वीची जागा धरली. एका चहाचा वेळसुद्धा लागला नाही.

"बघितलंस?" बुवा म्हणाले. "काल मेला म्हणाले, आज गळ्यात पडले. मनात काही ठेवत नाहीत."

मग ते उठले, दार नीट लावून घेतलं, आणि त्या एसीच्या घरघरीत, तारांच्या जंजाळात उभे राहून त्यांनी शबरीचं आख्यान लावलं. पेटी नाही, तबला नाही. मी टेबलावर बोटांनी ठेका धरला. पहिल्या दोन ओळींना आवाज थोडा दबून आला, जसा माणूस दुखऱ्या पायावर भार टाकून बघतो. आणि मग उघडला. पूर्वीपेक्षा एक थर जास्त होता त्यात, खाली कुठेतरी. शबरी रोज वाट झाडते, रोज बोरं वेचते, राम रोज येत नाही, तिथपर्यंत ते आले आणि थांबले.

"पुढचं मंदिरात," म्हणाले. "अप्पा येतीलच नारळ घेऊन."

आमच्या गावची ती पद्धत. माघ सरता सरता राममंदिराचे पंच अप्पा शेटे कीर्तनकाराच्या घरी जाऊन नारळ देत. नारळ ओंजळीत पडला की नवमीचं कीर्तन ठरलं. कीर्तनकाराने आपण होऊन 'यंदा मी' असं म्हणायचं नाही. निमकरांच्या घरी तर तो नारळ वडिलांपासून चुकला नव्हता.

माघ संपला. फाल्गुन लागला. नारळ आला नाही.

मी रोज बुवांच्या तोंडाकडे बघायचे, ते स्क्रीनकडे बघायचे. शेवटी होळीच्या दुसऱ्या दिवशी मी अप्पांच्या खताच्या दुकानात गेले. अप्पा मोठा मायेचा माणूस. मला बघून पोत्यावरच जागा झटकून दिली.

"ये गं, पेटीवाले! बुवा कसे आहेत?"

"बरे आहेत. अप्पा, यंदाचा नारळ..."

त्यांनी आवाज खाली आणला. "तेच तर. चिपळूणकडचे एक तरुण बुवा बघितलेत. चांगले आहेत म्हणतात. आता निमकरबुवांना या वयात, असा घसा घेऊन उभं करणं बरं दिसतं का? ते नाही म्हणायचे नाहीत. मी नारळ घेऊन गेलो तर घसा फाटेपर्यंत उभे राहतील, मला ठाऊक आहे ना त्यांचा स्वभाव! म्हणून गेलोच नाही. त्यांना अवघडायला नको."

"पण आता आवाज बरा झालाय त्यांचा."

"झाला असता तर आले नसते का सांगायला? घरचा माणूस. म्हणाले असते, अप्पा, यंदा मी उभा राहतो. येऊन म्हणू देत, आत्ता त्या चिपळूणच्यांना फोन करून क्षमा मागतो. पण आपण होऊन विचारून त्यांना पेचात टाकायचं नाही. तू पण काही बोलू नकोस हो. वाईट वाटेल त्यांना."

मी तशीच बुवांच्या घरी गेले. काकू, बुवांच्या पत्नी, अंगणात कुरडया राखत बसल्या होत्या, बुवा आतल्या खोलीत झांजेची दोरी बदलत होते.

"बुवा, अप्पा म्हणतात तुम्ही नुसतं एकदा सांगा. चिपळूणच्यांना ते नकार कळवतील."

त्यांनी दोरी ओढून गाठ मारली. "गेली होतीस का विचारायला?"

"गेले होते."

"बरं केलं नाहीस, पोरी."

"का पण? तुमचा मान राहावा म्हणून तेही गप्प, आणि तुम्हीही गप्प! घर ते मंदिर मध्ये एक गल्ली आहे."

"मानाचं नाही गं." त्यांनी झांज मांडीवर ठेवली. "माझे वडील सांगायचे, बोलावलं तर ते देवाचं कीर्तन. मागितलं की ते आपलं झालं. आणि शिवाय..." त्यांनी झांजेची दोरी बोटाला गुंडाळली. "गावाला नवीन ऐकावंसं वाटत असेल तर? मी जाऊन म्हटलं, मी उभा राहतो, तर तोंडावर नाही कोण म्हणेल? मग ते सगळे समोर बसणार, आणि मला आयुष्यभर कळणार नाही, माझ्यासाठी बसलेत की माझ्या भिडेसाठी."

मला राग आला. मी म्हणाले, "तुम्हीच मला शिकवलंत ना, ते राउटर एकमेकांना हॅलो म्हणतात म्हणून? आधी कोण म्हणालं याचा विचार करतात का ते?"

बुवांनी माझ्याकडे बघितलं आणि फार मायेने हसले.

"नाही करत. म्हणून तर ती मशीनं, पोरी."

बाहेरून काकूंचा आवाज आला, "त्यांना सांगून उपयोग नाही गं. मौन सुटलं, हट्ट नाही सुटला."

*

नवमीच्या दिवशी बुवा मंदिरात आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. पण पांढरं स्वच्छ उपरणं घेऊन आले आणि श्रोत्यांत पुढच्या ओळीत बसले. मी त्यांच्या डाव्या बाजूला. चिपळूणच्या बुवांनी पेटीच्या साथीला घरचाच माणूस आणला होता, त्यामुळे या वर्षी माझेही हात मोकळे होते. काय करायचं ते न कळून मी ते पदराखाली धरून बसले होते.

चिपळूणचे बुवा खरंच चांगले होते. कोवळे, पण मनापासून म्हणणारे. पूर्वरंगाला त्यांनी शबरीचाच अभंग घेतला, त्यांना काय ठाऊक. निमकरबुवांची बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती आणि ओठ किंचित हलत होते, एक एक ओळ पुढे. मी तीच बघत होते.

पूर्वरंग झाला. रीतीप्रमाणे अप्पांनी त्या तरुण बुवांना बुक्का लावला, हार घातला. तेव्हा कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं. ते एकदम खाली आले, सगळ्यांसमक्ष निमकरबुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हात जोडून म्हणाले, "आपण इथे बसलात आणि मी बडबडतोय. मला आत्ता कळलं. महाराज, ही गादी आपली. उत्तररंगातल्या दोन ओळी तरी आपण म्हणा. मी मागे झांज धरतो."

बोलावणं आलं होतं. न मागता, भर सभेत, देवासमोर आलं होतं.

बुवांनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. उठण्यासाठी त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, तोंड उघडलं,

"अहो नको नको नको!" अप्पा धावत आले. दोन्ही हात पसरून, पोराला विहिरीच्या काठावरून मागे ओढावं तसे. "बुवा, बोलू नका! एक अक्षर बोलू नका! अहो, त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. तुम्हाला माहीत नाही. केवढा मोठा माणूस, तुमचा शब्द मोडवत नाही म्हणून उठतोय. बसा बुवा, बसा. आमच्यासाठी जपा स्वतःला."

"जपा बुवा, जपा," मागून बायकांचे आवाज आले. कुणी डोळ्यांना पदर लावला.

मी अर्धी उठले. "अप्पा, त्यांचा घसा..."

माझ्या मनगटावर हात पडला. बांगड्या रुतल्या. मी वळून बघितलं. बुवांनी मान हलवली, अगदी हलकेच. मी खाली बसले.

त्या तरुण बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढला आणि निमकरबुवांच्या गळ्यात घातला. मंदिरात टाळ्या पडल्या, रामनामाचा गजर झाला. बुवांनी सगळ्यांना हात जोडले. सगळ्यांनी त्यांना हात जोडले. इतका मान त्या मंदिरात कुणाला मिळालेला मी बघितला नाही, आणि त्या हाराखाली गळा अगदी बरा होता.

उत्तररंग सुरू झाला. शबरी वाट झाडू लागली. बुवा शेवटपर्यंत बसले. आरती घेतली, सुंठवड्याचा प्रसाद घेतला. बाहेर पायरीवर चपला घालताना मी म्हणाले, "का धरलात माझा हात?"

"भर मंदिरात अप्पांना खोटं पाडायचं?" ते म्हणाले. "माझ्या काळजीने धावलेल्या माणसाला?" आणि थोडं चालल्यावर, "त्या पोराचा षड्ज चांगला आहे. पण बोरं देताना घाई करतो."

पुढच्या वर्षी नारळ चिपळूणलाच गेला. त्याच्या पुढच्याही. मग गावाला तेच सवयीचं झालं. बुवा भेटले की लोक दुरूनच खुणेने विचारत, बरे ना? आणि बुवा खुणेनेच उत्तर देत. आवाज गेलेल्या माणसाशी बोलावं तसे सगळे त्यांच्याशी हळू बोलत. कचेरीतून ते निवृत्त झाले तेव्हा सत्काराला अध्यक्षसाहेबांनी त्यांना बोलायचा त्रास दिला नाही. त्यांचं उत्तर मीच वाचून दाखवलं.

*

बुवा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या वेळी दहाव्याला अप्पा भेटायला आले होते. तेही थकले होते, नातवाने हाताला धरून आणून बसवलं. मी काकूंना चहा करायला मदत करत होते, तो घेऊन बाहेर आले.

"काय आवाज होता," अप्पा म्हणत होते. "देवाने दिला आणि देवानेच काढून घेतला. शेवटची एवढी वर्षं तो माणूस मुका होऊन बसला, पण चेहऱ्यावर कधी आठी नाही."

काकू म्हणाल्या, "आवाज कुठे गेला होता, अप्पा? या पाडव्यापर्यंत रोज सकाळी देवघरात तासभर उभे राहायचे. सगळं आख्यान, झांजेसकट."

अप्पांनी ओठाशी नेलेला कप खाली घेतला.

"रोज?"

"रोज."

"आणि ऐकायला?"

"मी होते की."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी कप जमिनीवर ठेवला, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. गल्लीच्या टोकाला मंदिराचा कळस दिसत होता, तिकडे बघत म्हणाले,

"मला एक हाक मारायची होती हो, वहिनी. नुसती एक हाक."

"त्यांनाही," काकू म्हणाल्या.